शिझुओका : सुट्या भागांचे गाव

जपानला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे चार प्रश्न ठरलेले असतात. फुजी पर्वत दिसला का? बुलेट ट्रेनमध्ये बसलात का? क्योटोची देवळे पाहिलीत का? आणि खाण्यापिण्याचे काय केलेत? पहिल्या दोन प्रश्नांना मी मोठ्या रुबाबात मान डोलावतो. तिसऱ्याशी मात्र माझी गाडी अडते. कारण देवळांसाठी म्हणून राखून ठेवलेले दोन दिवस मी शिझुओका नावाच्या गावी प्लॅस्टिकच्या चिमुकल्या मोटारी पाहण्यात घालवले. हे ऐकून समोरच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो आता माझ्या ओळखीचा झाला आहे. निवृत्तीनंतर काही माणसांचे असे होते, अशी कणव त्यात असते.

तेव्हा एकदाचा खुलासा केलेला बरा.

माझा पुतण्या बाळ टोकिओत नोकरीला आहे. निशिकासाई या भागात त्याचे बिऱ्हाड. तिथे भारतीय कुटुंबे इतकी, की भाजीच्या दुकानात सौ.ला कढीपत्ता मिळाला आणि तिचे निम्मे परदेश तिथेच संपले. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. बाळ चाळिशीचा, मोठ्या हुद्द्यावरचा इंजिनिअर. पण संध्याकाळी घरी आला, जेवण झाले, की स्वारी खिडकीजवळच्या दोन फुटी मेजाशी जाऊन बसे. कपाळावर भिंग, हातात चिमटा, आणि समोर मिनी कूपर या इंग्लिश मोटारीची छोटी प्रतिकृती. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. खरी मिनी तीन मीटरांच्या किंचित वर, म्हणजे ही पावणेतेरा सेंटिमीटरची. आपल्या कंपासपेटीपेक्षा थोडी लहान.

"एवढा शिकला-सवरला, आणि खेळण्यातल्या गाड्या चिकटवत बसतो!" सौ. मला हळूच म्हणाली. मीही प्रथम तसेच समजलो. पण दोन-तीन रात्री शेजारी खुर्ची टाकून बसलो, आणि माझे मत पालटले.

या संचातले भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला फांदीला कैऱ्या लगडाव्यात तसे लगडलेले असतात. ते कापून घ्यायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एवढ्यावर गाडी उभी राहते. पण ती गाडी दिसते खेळण्यासारखीच. कारण साच्यातून निघालेल्या भागाला साच्याच्या खुणा असतात. दोन अर्धे जिथे मिळाले तिथे बारीक शिवण, भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल वण. टायर चकचकीत, आणि त्याच्या मधोमध तीच शिवण. कारबोरेटरचे तोंड बुजलेले. बाळ हे सारे निस्तरत बसे. शिवणी खरवडून काढी. टायर पॉलिश कागदावर घासून त्याची चकाकी मारून टाकी. बोटांच्या चिमटीत फिरवायच्या गिरमिटाने कारबोरेटरचे तोंड कोरी. त्याचे पाते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. मग तो प्लगच्या वायरी ओवायला घेई. खरी वायर साधारण सात मिलिमीटर जाडीची. तिचा चोविसावा हिस्सा म्हणजे ०.२९ मिलिमीटर. तेवढ्या जाडीची तार शोधण्यासाठी त्याने म्हणे चार दुकाने पालथी घातली होती.

"संचात वायरी नसतातच, काका," तो म्हणाला. "ज्याच्या त्याने घालायच्या."

"आणि कोणती वायर कुठल्या प्लगला, ते?"

त्याने वर न पाहता उत्तर दिले, "एक, तीन, चार, दोन."

मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. हा मंत्र आम्हां दोघांनाही एकाच माणसाने शिकवला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बाळचे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचे गॅरेज होते. साखर कारखान्याच्या एखाद्या चेअरमनची पांढरी अँबेसेडर दारात उभी नाही, असा दिवस मला आठवत नाही. शाळकरी वयात बॉनेटखाली बॅटरी धरून उभे राहायचे काम माझ्याकडे असे, पुढे ते बाळकडे आले. बाळ इंजिनिअर झाला, तेव्हा दादाला वाटले, आता गॅरेजचा कारखाना होणार. बाळने जपानची नोकरी धरली. "शिकून साहेब झालास, आता हात काळे करायला लाज वाटते तुला," असे दादा एकदा रागाच्या भरात बोलून गेला. बाळने ते मनात ठेवले. पुढे दिवाळीला येणे होई, पण चार दिवसांचे दोन झाले. २०२१ च्या मे महिन्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, दादा गेला. त्या महिन्यात जपानने भारतातून येणाऱ्या परदेशी माणसांना दार बंद केले होते; मग तो तिथला रहिवासी का असेना. बायको-मुलीला टाकून बाळ निघाला असता, तर परत कधी जाता येईल याचा नेम नव्हता. वडिलांचे शेवटचे दर्शन त्याने फोनच्या पडद्यावर घेतले.

त्यानंतर आमच्या बोलण्यात दादाचे नाव आले, की दोघेही विषय बदलत असू. म्हणूनच बाळने, "काका, क्योटोऐवजी शिझुओकाला येता का माझ्याबरोबर?" असे विचारले, तेव्हा मी देवळांवर पाणी सोडले. सौ. मात्र बाळच्या मुलीपाशी राहिली. "परत आल्यावर मला काही सांगू नका म्हणजे झाले," असा निरोप तिने दिला.

शिझुओका टोकिओच्या पश्चिमेला, सुमारे १८० किलोमीटरवर. या मार्गावरच्या बुलेट ट्रेनमधली सर्वांत वेगवान जी नोझोमी, ती इथे थांबतच नाही, आणि गावकऱ्यांना याचे मोठे वैषम्य वाटते. आम्ही हिकारीने तासाभरात पोहोचलो. वाटेत उजव्या खिडकीत फुजी आला. डब्यातले जपानी प्रवासीसुद्धा मान वळवून त्याच्याकडे पाहत होते. रोज दिसणाऱ्या डोंगराकडे असे पाहणारी माणसे मला तिथेच आवडू लागली.

हा मुलूख चहाचा. मे महिना म्हणजे पहिल्या खुडीचा हंगाम. टेकड्यांच्या उतारांवर चहाचे ताटवे नुकत्याच भादरलेल्या डोक्यांसारखे गोल दिसत होते. पण गावाची दुसरी ओळख स्टेशनाबाहेरच भेटते. चौकटीला लगडलेल्या सुट्या भागांच्या रूपात टेलिफोनचे खोपटे उभे आहे. गावात तशीच एक टपालपेटीही आहे. २०२१ पासून नगरपालिकेने अशी स्मारके ठिकठिकाणी उभारली. आपल्याकडे चौकात पुतळे असतात. इथे न जोडलेले भाग आहेत. मी त्या पेटीत सौ.च्या नावे एक पोस्टकार्ड टाकले. ते आमच्या आधी पुण्यास पोहोचले.

एकाच गावाला हा नाद कसा लागला, याची हकीकत मोठी गमतीची आहे. तोकुगावा इएयासु हा जपानचा सत्ताधीश १६०७ मध्ये राज्यकारभार मुलाकडे ठेवून इथल्या सुम्पु किल्ल्यात येऊन राहिला. किल्ल्यासाठी आणि इथल्या सेंगेन देवस्थानासाठी ठिकठिकाणचे सुतार, कोरीवकाम करणारे, लाखकाम करणारे आले, आणि इथेच रुजले, असे सांगतात. डोंगरात लाकूड भरपूर. पुढे त्या लाकडाची खेळणी झाली, शाळेतल्या मुलांसाठी विमानांच्या प्रतिकृती झाल्या. आओशिमा ही कंपनी १९२४ ची. तामिया ही जगभर नाव झालेली कंपनी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. मग परदेशातून प्लॅस्टिकचे संच आले, आणि लाकडी प्रतिकृतींचे गिऱ्हाईक तुटले. तामियाने १९६० साली आपला पहिला प्लॅस्टिक संच काढला, तो यामातो या युद्धनौकेचा. लाकूड गेले, हात राहिले. मला राहून राहून उद्यमनगर आठवत होते. तिथेही एकाने ओतकामाची भट्टी घातली, शेजारच्याने लेथ मांडले, आणि बघता बघता शेतावरच्या इंजिनांचा गाव झाला.

तामियाचीच आणखी एक कथा बाळने रस्त्यात सांगितली. सत्तरीच्या दशकात त्यांना पोर्शे मोटारीची हुबेहूब प्रतिकृती करायची होती. जर्मनीला जाऊन फोटो काढले, मापे घेतली, समाधान होईना. शेवटी शुनसाकु तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती आपल्या माणसांकडून पूर्ण सुटी करवली! त्यातून १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चा बाराव्या हिश्शाचा संच निघाला. मी म्हटले, "दादा असता तर म्हणाला असता, एवढ्यासाठी गाडी कशाला विकत घ्यायची? माझ्याकडे रोज चार सुट्या पडलेल्या असतात." बाळ हसला. बऱ्याच वर्षांनी दादाच्या नावावर आम्ही दोघे हसलो.

दर वर्षी मे महिन्यात ट्विन मेस्से नावाच्या मोठ्या दालनात इथे प्रतिकृतींचे प्रदर्शन भरते. ही परंपरा १९५९ पासूनची. एका बाजूला कंपन्या आपले नवे संच मांडतात. पण खरी जत्रा दुसऱ्या बाजूला. तिथे हौशी लोकांची दोनशेच्या वर मंडळे आपापली मेजे लावून बसतात. कोणी दंतवैद्य, कोणी टपालखात्यातला, कोणी शाळामास्तर. आपली वर्षभराची कमाई डब्यातून, कापसात गुंडाळून आणलेली. विक्री नाही. पाहायचे, आणि विचारायचे.

आणि काय पाहावे! बोटाच्या पेराएवढ्या आसनाला फितीचा पट्टा, त्याला पत्र्याचे कातीव बक्कल. गाडीच्या तळाशी गालिचा म्हणून लोकरीची पूड चिकटवलेली. एक्झॉस्टच्या नळीवर तापून आलेली निळी-पिवळी झाक. दारांच्या फटींत पातळ काळपट रंग सोडून त्यांना खोली आणलेली. या शेवटच्या कामाची रीत बाळने मला समजावून दिली. खालचा रंग एका जातीचा, वरून सोडायचा पातळ रंग दुसऱ्या जातीचा. म्हणजे वरचा पुसताना खालचा विरघळत नाही. केशाकर्षणाने रंग फटीतून आपोआप धावतो. वर सांडलेला काडीच्या कापसाने टिपायचा. पण रंगवायच्या आधीच्या उघड्या प्लॅस्टिकवर तो पातळ द्राव सांध्यात उतरला, तर प्लॅस्टिक तडकते. "माझी एक गाडी अशीच रात्रीत उकलली," बाळ म्हणाला.

एका मेजाशी सत्तरीचे एक जपानी गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे एक जुनी डॅटसन, बॉनेट उघडलेले. मी वाकून वायरी मोजू लागलो. सहा सिलिंडर. क्रम काही मला लागेना. गृहस्थांनी माझी धडपड पाहिली आणि बोटांनी सांगितले: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. मी माझ्या बोटांवर आमचा मंत्र सांगितला: एक, तीन, चार, दोन. त्यांनी उठून कमरेत वाकून नमस्कार केला, मीही केला. भाषेवाचून अशी ओळख मी दुसऱ्या कोणत्याही देशात करून घेतलेली नाही.

बाळने आपली मिनी डब्यात घालून बरोबर आणली होती. मांडायला नव्हे, कोणाचे मत घ्यावे म्हणून. त्याने ती भीतभीत मेजावर ठेवली. गृहस्थांनी खिशातून लहानशी बॅटरी काढली आणि पुष्कळ वेळ आत पाहिले. मग हळू आवाजात ते काही बोलले. बाळचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले रे?"

"म्हणाले, काम फार स्वच्छ आहे." तो थांबला. "आणि विचारले, गाडी कोणाची?"

"म्हणजे?"

"म्हणजे, हिचा मालक कोण? चालवतो कोण, दुरुस्त कोण करतो? मला सांगता येईना."

रात्री आम्ही ओदेनच्या गल्लीत गेलो. दहा-बारा माणसे मावतील अशी चिंचोळी दुकाने, मध्ये काळ्या रश्श्याची कढई. त्यात मुळा, अंडी, माशाचे वडे काड्यांना टोचून उकळत ठेवलेले; वरून सुक्या माशाची आणि शेवाळाची भुकटी. रंग पाहून मी आमच्या तांबड्या रश्श्याच्या तयारीने घास घेतला, तर चव अगदी सौम्य निघाली. बाळने डबा मांडीवर धरून ठेवला होता.

"उघड तो," मी म्हटले. "मला पाहू दे."

दुकानाच्या दिव्याखाली मी प्रथमच ते इंजिन नीट पाहिले. काम खरोखर सुंदर होते. पण काळपट रंग सगळीकडे सारखा सोडलेला होता, चारी बाजूंना, वर, खाली. एखाद्याने इंजिन चिखलाच्या बादलीत बुचकळून काढावे तसे.

"बाळ, तेल कुठून गळतं?"

"गॅस्केटमधून."

"मग तिथून सुरू व्हायला हवं. वरच्या झाकणाच्या कडेतून पाझरतं, खाली ओघळतं, आणि जिथे ओल तिथेच धूळ धरते. बाकीचं कोरडं, नुसतं राखी. तेल ओतायच्या टोपणाला रोज हात लागतो. त्याचा रंग बोटांनी उडालेला असतो. तेल बघायच्या पट्टीची कडी पुसून पुसून उजळलेली. बॅटरीच्या टोकाला पांढरी-हिरवी बुरशी. इंजिन मळतं ते त्याच्या त्याच्या जागी. आणि उजळतं ते हात लागतो तिथे."

बाळ ऐकत होता. "बाबांच्या अँबेसेडरचं सांगताय ना?"

"ही तिचीच चुलत बहीण. दोन्ही इंजिनं एकाच ब्रिटिश घराण्यातली. म्हणून तर क्रम एकच."

मग मीच विचारले, "पावसात दादा डेल्कोला काय करायचा, आठवतं?" डिस्ट्रिब्यूटरला गॅरेजातली मंडळी डेल्कोच म्हणत.

बाळच्या डोळ्यांत एकदम ओळख आली. "दुधाची पिशवी! फाडून वरून बांधायचे, दोऱ्याने. वायरींसाठी भोकं पाडून."

गंमत अशी, की हीच खोड मिनीलाही होती. तिचे इंजिन आडवे बसवलेले, आणि डिस्ट्रिब्यूटर थेट पुढच्या जाळीमागे. पावसाचे पाणी जाळीतून येई आणि गाडी बंद पडे. विलायतेतले लोक त्यावर रबरी हातमोजा चढवीत, आणि बोटांतून वायरी बाहेर काढीत. हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो खदखदून हसला. आणि हसता हसता गप्प झाला.

"काका, बाबांनी माझं काम कधी पाहिलंच नाही."

आता मला बोलणे भाग होते. तीन वर्षे मी एक गोष्ट पोटात ठेवली होती. दादाच्या शेवटच्या आजारपणाआधी वहिनींनी बाळच्या एका प्रतिकृतीचा फोटो फोनवर दादाला दाखवला होता. मी तिथेच होतो. दादाने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाला, "वायरी लई सरळ आहेत की रे. गाडी चालवलेली दिसत नाही." हे बाळला सांगावे असे मला कधी वाटले नाही. आधीच दुखावलेल्या पोराला आणखी एक टोमणा कशाला?

मी ते जसेच्या तसे सांगितले. आणि राहिलेले अर्धेही सांगितले. दुसऱ्या दिवशी दादाने तो फोटो पुन्हा मागितला होता, मोठा करून मागितला होता. आणि बोटाने पडद्यावर एकेक वायर मोजली होती. "क्रम बरोबर घातलाय," एवढेच म्हणून फोन परत दिला होता.

बाळ बराच वेळ काड्यांकडे पाहत बसला. मग त्याने डब्याचे झाकण लावले. दुकानदारीणबाईंनी न विचारता आमच्यापुढे नव्या चहाचे दोन पेले ठेवले.

दुसऱ्या दिवशी परत निघताना फुजी ढगात होता. बाळने सबंध वाटेत एका कागदावर इंजिनाचे चित्र काढले आणि मला विचारून विचारून त्यावर खुणा केल्या. तेल इथे. हात इथे. मधूनच तो मला दुरुस्तही करी, "नाही काका, बाबा डावखुरे होते. फडकं त्या बाजूला असायचं." ते मी साफ विसरलो होतो.

पुण्यास परतल्यावर काही महिने त्याविषयी काही कळले नाही. दिवाळीच्या आधी मी वहिनींना फराळाचा डबा द्यायला कोल्हापूरला गेलो असताना बाळकडून फोटो आला. बॉनेट उघडलेली मिनी. वरच्या झाकणाच्या कडेतून पाझरलेले तेल, टोपणावर बोटांची झीज. वायरींना जरा बाक आलेला. डिस्ट्रिब्यूटरवर नखाएवढी पारदर्शक पिशवी, दोऱ्याने बांधलेली, आणि तिच्यावर निळ्या अक्षरांचा जेमतेम दिसणारा ठिपका. डाव्या बाजूला, पंख्याच्या पत्र्यावर, टाकलेले एक फडके.

मी फोन वहिनींच्या हाती दिला. हे काय, कशाचे, काहीच सांगितले नाही. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"अग बाई," त्या म्हणाल्या, "हे फडकं तर माझ्या जुन्या पडद्याचं. कुठल्या कुठल्या पडद्यांना हात पुसले ह्यांनी, ते मलाच ठाऊक."

आणि फोन परत न देता त्या चकलीचा घाणा उतरवायला आत गेल्या.